ज्या सामन्याला पुढचें वर्ष नसतें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेचा फुटबॉलचा संघ आंतरशालेय सामन्यांच्या उपान्त्य फेरींत हरला. हरणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. ज्या स्पर्धेंत सोळा संघ उतरतात तींतील पंधरा संघांस केव्हां ना केव्हां हरावेंच लागतें, हें गणित तिसरीच्या मुलासही करतां येईल. परंतु त्या दिवशीं सामना संपल्यावर जें आमच्या दृष्टीस पडलें तें आम्हांस अद्याप विसरतां आलेलें नाहीं. आणि म्हणूनच या अंकांत हा विषय विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मैदानाच्या कडेस पाण्याचा नळ आहे. त्याच्या जवळच्या पायरीवर आमचा एक खेळाडू चिखलानें भरलेले बूट न काढतां बसला होता. त्याचे वडील छत्री मिटीत जवळ आले आणि त्यांनीं विचारलें, "किती गोलांनीं रे?"

"एका, बाबा."

वडिलांनीं त्याच्या पाठीवर हात ठेवला व ते म्हणाले, "असूं दे. पुढच्या वर्षीं पाहूं."

मुलानें मान वर केली. "बाबा, मी दहावींत आहें," इतकेंच तो बोलला.

वडील गप्प झाले. आम्ही चार पावलांवर उभे होतों. आम्हीही गप्पच राहिलों. जें बोलावयास हवें होतें तें त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं. तें आज, उशिरानें कां होईना, बोलण्याचा आमचा विचार आहे.

पराजय दोन प्रकारचे असतात. एका प्रकारच्या पराजयाला पुढचें वर्ष असतें. एका वर्षीं पीक बुडालें तरी शेतकरी पुढच्या मृगाची वाट पाहतो. बी तेंच, शेत तेंच, फक्त पाऊस नवा. आठवी-नववींतल्या मुलांचा पराजय हा या जातीचा होय. दुसऱ्या प्रकारच्या पराजयाला पुढचें वर्ष नसतें. तो सामना पुन्हां होणार नसतो, किंवा झाला तरी आपण त्यांत असणार नसतों. पहिल्या पराजयावर आमच्या सर्वांपाशीं औषध आहे. दुसऱ्यावर आम्ही तेंच औषध देतों, आणि मुलाला तें लागू पडत नाहीं हें पाहून आपणच ओशाळतों.

दुसऱ्या प्रकारच्या पराजयाचें एक मोठें शिकविणारें उदाहरण फुटबॉलच्या इतिहासांत नमूद आहे. तें स्कॉटलंड देशांतलें आहे. ज्या देशांतून डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले आणि ज्यांचें नांव तेथील कॉलेजाला आजही आहे, तो हा देश. तेव्हां आमच्या वाचकांस तो अगदींच परका वाटूं नये.

इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिचा राज्याभिषेक २ जून १९५३ रोजीं झाला. त्याच्या स्मरणार्थ त्याच वर्षीं मे महिन्यांत ग्लासगो शहरीं 'कॉरोनेशन कप' या नांवाची स्पर्धा भरविण्यांत आली. स्कॉटलंडचे चार व इंग्लंडचे चार असे आठ संघ तींत बोलाविले होते. स्कॉटलंडकडून सेल्टिक, रेंजर्स, हिबर्निअन व ॲबर्डीन. इंग्लंडकडून आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, न्यूकॅसल युनायटेड व टॉटनहॅम हॉटस्पर. राज्याभिषेक कांहीं दरवर्षीं होत नसतो. त्यामुळें ही स्पर्धाही एकदांच व्हावयाची होती. जो जिंकेल त्याचा कप कायमचा, आणि जो हरेल त्याला तो परत मिळविण्याची सोय नाहीं, हें पहिल्या दिवसापासूनच सर्वांस ठाऊक होतें.

अंतिम सामन्यांत जो संघ हरला तो हिबर्निअन. हा संघ १८७५ सालीं एडिंबरो शहरांत निघाला. आयर्लंडांतून पोटासाठीं आलेल्या गरीब लोकांची वस्ती त्या शहरांत होती. तेथील एडवर्ड हॅनन नांवाच्या धर्मगुरूंनीं वस्तींतल्या तरुणांस एकत्र करून हा संघ उभा केला. त्याची सरशी पाहून ग्लासगोंतही तसाच संघ असावा असें ब्रदर वॉलफ्रिड या शिक्षकांच्या मनांत आलें, व १८८७ सालीं गरीब मुलांच्या जेवणासाठीं पैसा उभा करण्याच्या हेतूनें त्यांनीं सेल्टिक संघ काढला. म्हणजे हिबर्निअन हा वडील भाऊ आणि सेल्टिक हा त्याचा कित्ता गिरवून मोठा झालेला धाकटा. या गोष्टींत पुढें जें घडलें तें या दोघां भावांमध्यें घडलें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१९५३ सालीं हिबर्निअनच्या वैभवाचा काळ होता. १९४८, १९५१ व १९५२ या तीन वर्षीं तो स्कॉटलंडच्या लीगचा विजेता होता. त्याचे पांच फॉरवर्ड खेळाडू 'फेमस फाइव्ह', म्हणजे 'नामांकित पांच', या नांवानें देशभर ओळखले जात. गॉर्डन स्मिथ, बॉबी जॉन्स्टन, लॉरी राइली, एडी टर्नबुल आणि विली ऑर्मंड हीं तीं पांच नांवें. पांचांपैकीं प्रत्येकानें हिबर्निअनसाठीं शंभरांहून अधिक गोल केले. एका संघांत, एका ओळींत, असे पांच जण पुन्हां जमणें कठीण.

आणि तरीही त्याच वर्षीं, राज्याभिषेकाची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीं, एक घाव त्यांच्यावर बसून गेलेला होता. लीगचे तीस सामने संपले तेव्हां हिबर्निअन व रेंजर्स या दोघांचे सारखेच, म्हणजे ४३, गुण झाले. अशा वेळीं निकाल लावण्याचा त्या काळचा नियम असा होता कीं, केलेल्या गोलांस झालेल्या गोलांनीं भागावें व ज्याचा भागाकार मोठा तो विजेता. हिबर्निअननें ९३ गोल केले होते व त्याच्यावर ५१ झाले होते. भागाकार सुमारें १.८२. रेंजर्सनें ८० केले होते व त्याच्यावर ३९ झाले होते. भागाकार सुमारें २.०५. रेंजर्स जिंकले. आजचा नियम वजाबाकीचा आहे. तो लावून पाहिला तर हिबर्निअनचे ४२ व रेंजर्सचे ४१ येतात. भागाकाराऐवजीं वजाबाकी असती तर लीग हिबर्निअनची होती! गणिताचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या आंकड्यांकडे अवश्य पाहावें.

सेल्टिकची स्थिति याच्या अगदीं उलट. त्या वर्षीं लीगमध्यें सोळा संघांत त्याचा क्रम आठवा लागला होता. खेळापेक्षां प्रेक्षक जमविण्याच्या त्याच्या शक्तीमुळें त्याला बोलावणें गेलें, असें पुष्कळ जण म्हणत. परंतु या आठव्या क्रमांकाच्या संघानें पहिल्या सामन्यांत इंग्लंडच्या लीगचा त्या वर्षींचा विजेता आर्सेनल यास एका गोलानें हरविलें. दुसऱ्यांत मँचेस्टर युनायटेडला दोन विरुद्ध एक असें हरविलें. इकडे हिबर्निअननें टॉटनहॅमशीं बरोबरी होऊन पुन्हां झालेला सामना जिंकला, व न्यूकॅसलला तर चार गोलांनीं धूळ चारली. अशा रीतीनें २० मे १९५३ रोजीं ग्लासगोच्या हॅम्पडन पार्क मैदानावर दोन्ही भाऊ समोरासमोर आले. पाहावयास एक लाख सतरा हजार लोक लोटले होते.

अठ्ठाविसाव्या मिनिटास सेल्टिकच्या नील मोकन यानें सुमारें तीस यार्डांवरून चेंडू असा हाणला कीं तो सरळ जाळ्यांत गेला. मोकन हा स्पर्धेपूर्वीं थोडेच दिवस आधीं सेल्टिकमध्यें आलेला होता. मध्यंतरानंतर हिबर्निअननें चढाईवर चढाई केली. नामांकित पांचही मैदानांत होते. सेल्टिकच्या गोलाला जणूं वेढाच पडला. परंतु गोलांत जॉन बॉनर उभा होता. त्याचें नांव तोंपर्यंत फारसें गाजलेलें नव्हतें. त्या दिवशीं मात्र स्मिथ मारो कीं टर्नबुल मारो, राइली मारो कीं जॉन्स्टन मारो, बॉनरचे हात तेथें आधींच पोंचलेले असत. शेवटचीं दोन-तीन मिनिटें उरलीं असतां जिमी वॉल्श यानें सेल्टिकचा दुसरा गोल केला. दोन विरुद्ध शून्य. कप सेल्टिकचा झाला. आणि तो कप पुन्हां खेळला जाणार नसल्यामुळें, कायमचा झाला.

आतां प्रश्न असा कीं, त्या रात्रीं एडिंबरोस परत जाणाऱ्या हिबर्निअनच्या खेळाडूंस काय सांगावें? "पुढच्या वर्षीं पाहूं" असें तर म्हणतां येत नव्हतें. अशा वेळीं लोक बहुधा दोन गोष्टी सांगतात, व आमच्या मतें त्या दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे दैव. "खेळ तुमचाच चांगला, पण नशीब आड आलें." हें ऐकावयास गोड लागतें. परंतु त्या दिवशीं आड आला तो नशीब नव्हे, तो बॉनर आला. त्यानें ज्या उड्या घेतल्या त्या त्याच्या अंगच्या होत्या. त्यांमागें अनेक वर्षांची मेहनत होती. आपल्या पराजयाला दैव म्हणणें म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीचें नांव पुसून टाकणें होय. आमच्या मुलांनीं हरल्यावर प्रथम एक गोष्ट करावी. समोरच्या संघांत आपणांस कोणीं अडविलें, हें नांव घेऊन सांगावें. ज्याला तें सांगतां येतें त्याचें अर्धें दुःख तेथेंच सरळ होतें. कारण अंधारांत आपटल्याचें दुःख वेगळें आणि बलवान माणसाशीं झुंजून पडल्याचें दुःख वेगळें.

दुसरी गोष्ट याहून अधिक फसवी आहे. "खरे विजेते तुम्हीच." लीगमध्यें दुसरा आलेला संघ आठव्या आलेल्या संघाकडून हरला, म्हणून दुसरा हाच खरा, असा हा हिशेब. पण मग सामना खेळावयाचा तरी कशाला? घरबसल्या लीगचा तक्ता पाहून कप वांटून टाकावे! सामना हा त्या दिवसाचा असतो. त्या दिवशीं जो अधिक गोल करतो तो त्या दिवशींचा विजेता, यांत पडदा ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र याच वाक्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती आम्ही विसरतों. त्या दिवशींचा निकाल हा त्या दिवसापुरताच असतो. ९३ गोल करणारे पाय २१ मे रोजींही तेच होते. एका संध्याकाळनें त्यांची तीस सामन्यांची कमाई खोटी ठरविली नाहीं, आणि तीस सामन्यांच्या कमाईनें ती संध्याकाळ बदलली नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हें समजणें म्हणजेच खेळांतलें शिक्षण होय.

पुढें काय झालें तेंही सांगणें अवश्य आहे. १९५५ सालीं युरोपांतील देशोदेशींच्या संघांची मोठी स्पर्धा प्रथमच सुरू झाली, तेव्हां तींत भाग घेणारा ब्रिटनचा पहिला संघ हिबर्निअन हाच होता, व तो उपान्त्य फेरीपर्यंत पोंचला. नामांकित पांचांपैकीं चौघे तेव्हां संघांत होते. १९५३ च्या त्या सामन्यांत सेल्टिकचा कर्णधार जॉक स्टीन हा होता. खाणींत काम केलेला हा माणूस सेल्टिकनें केवळ राखीव खेळाडू म्हणून घेतला होता. पुढें अकरा वर्षांनीं, १९६४ सालीं, हिबर्निअननें आपला व्यवस्थापक म्हणून कोणास नेमलें? याच स्टीनला! ज्याच्या हातांत आपला कप गेला त्यालाच त्यांनीं आपल्या मुलांस शिकवावयास बोलाविलें. हरलेल्याच्या मनाचा मोठेपणा याहून निराळा तो काय असावा?

१९०२ नंतर हिबर्निअनला स्कॉटिश कप एकदांही मिळाला नव्हता; तो नामांकित पांचांनाही कधीं मिळाला नाहीं. २१ मे २०१६ रोजीं, त्याच हॅम्पडन पार्कवर, हिबर्निअननें रेंजर्सला तीन विरुद्ध दोन असें हरवून एकशें चौदा वर्षांनीं तो कप नेला. शेवटचा गोल कर्णधार डेव्हिड ग्रे यानें खेळाची वेळ संपल्यावर मिळालेल्या वाढीव मिनिटांत केला. तो आनंद पाहावयास पांचांपैकीं एकही हयात नव्हता. शेवटचा लॉरी राइली २०१३ सालीं वारला होता.

हा २०१६ चा विजय म्हणजे १९५३ च्या पराजयाची भरपाई होय, असें कोणीं म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. राज्याभिषेकाचा कप तो राज्याभिषेकाचाच, आणि तो एडिंबरोस कधींच गेला नाहीं व जाणारही नाहीं. तथापि हिबर्निअनच्या मैदानावर आज प्रेक्षकांची एक मोठी इमारत उभी आहे, आणि तिला त्या पांचांवरून 'फेमस फाइव्ह' हें नांव दिलेलें आहे. त्यांच्या कपाटांत जो कप नाहीं त्याच्यामुळें हें नांव कोणीं रोखून धरलें नाहीं. लोकांनीं त्यांचा खेळ लक्षांत ठेवला. नुसता निकाल नव्हे.

येथें आम्ही आमच्या शाळेकडे वळतों. मुख्य दालनांतील लाकडी फलकावर ज्या वर्षीं आमचा संघ जिंकला त्या वर्षाचीं नांवें सोनेरी अक्षरांत आहेत. तीं असावींच. परंतु या नियतकालिकाच्या क्रीडावृत्तांत आम्ही स्वतः आजवर काय करीत आलों? संघ जिंकला तर अकरा नांवें, गोल करणाऱ्यांचीं वर्णनें, छायाचित्र. हरला तर एक ओळ: 'अमुक फेरींत आमचा संघ पराभूत झाला.' जणूं त्या दिवशीं मैदानावर कोणी माणसें नव्हतींच! हा दोष इतर कोणाचा नव्हे, संपादक या नात्यानें आमचाच आहे, आणि तो आम्ही कबूल करतों. या अंकापासून हरलेल्या सामन्यांतल्या आमच्या सर्व खेळाडूंचीं नांवें छापण्याचें, आणि समोरच्या संघांत ज्यानें आम्हांस अडविलें त्याचेंही नांव समजल्यास छापण्याचें आम्हीं ठरविलें आहे. वाचकांनीं क्रीडावृत्ताचें पान उघडून पाहावें.

यावर एक आक्षेप येईल, व तो आम्हांस ठाऊक आहे. हरलेल्यांचें असें कौतुक केलें तर मुलें ढिलीं पडतील, जिंकण्याची ईर्ष्याच उरणार नाहीं, असें कांहीं पालक म्हणतील. हा आक्षेप टाकाऊ नाहीं. परंतु नांव छापणें हें कौतुक नव्हे, ती नोंद आहे. ज्या मुलाचें नांव हरलेल्या सामन्याखालीं छापलें जाणार तो पुढील सामन्यांत अंग चोरणार नाहीं, उलट अधिकच जपून खेळेल. कारण आपण होतों हें आतां लपणार नाहीं. अंग चोरण्याची संवय लागते ती पराजयाची नोंद न ठेवल्यानें, ठेवल्यानें नव्हे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी मैदानावरून घरीं आली कीं पहिला प्रश्न "किती गोलांनीं?" हा न विचारतां "तूं कोठें खेळलास?" किंवा "तुला कोणीं अडविलें?" हा विचारून पाहावा. गोलांची संख्या दुसऱ्या दिवशीं फळ्यावर लागतेच. पण मूल कोठें उभें होतें, काय करूं पाहत होतें, आणि कोठें कमी पडलें, हें फक्त तेंच सांगूं शकतें, आणि तेंही त्याच संध्याकाळीं.

आतां दहावीच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुमचे यंदाचे सर्व सामने राज्याभिषेकाच्या कपासारखे आहेत. जो हरलांत तो हरलांत. या शाळेच्या वतीनें तो तुम्हांस पुन्हां खेळतां येणार नाहीं. हें खोटें बोलून झांकण्यांत अर्थ नाहीं. पण तुम्ही त्या दिवशीं मैदानांत होतां, हेंही कोणाला पुसतां येणार नाहीं. पराजय परत करतां येत नाहीं, तो बरोबर न्यावा लागतो. आणि जो तो तक्रार न करतां बरोबर नेतो त्याच्या खांद्याला पुढें मोठीं ओझीं उचलण्याची संवय होते. परीक्षा, नोकरी, संसार यांतही असे सामने येतील कीं ज्यांना पुढचें वर्ष नसेल. त्यांची तालीम तुम्हीं चिखलांत, पावसांत, आमच्या डोळ्यांदेखत करून घेतली आहे.

नळाजवळ बसलेल्या त्या मुलास त्या संध्याकाळीं आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. त्याच्या वडिलांनींच मग खालीं बसून त्याच्या बुटांच्या चिखलानें घट्ट झालेल्या नाड्या सोडल्या, व दोघे एका छत्रींतून घरीं गेले. आम्हांस जें या लांबलचक लेखांत सांगावें लागलें तें त्या गृहस्थांनीं न बोलतां केलें, असें आतां वाटतें. त्या मुलाचें नांव या अंकाच्या क्रीडावृत्तांत, इतर दहा जणांच्या नांवांबरोबर, आलें आहे.